सीमेवर थांबलेला समाजवाद

१७ जुलै २०२५ रोजी सेनेगलची राजधानी डाकार येथे फ्रेंच लष्कराने आपला अखेरचा तळ सेनेगल सरकारच्या स्वाधीन केला. त्यापूर्वीच्या तीन वर्षांत माली, बुर्किना फासो, नायजर आणि चाड येथून फ्रेंच फौजांना काढता पाय घ्यावा लागला होता. आयव्हरी कोस्टमधील पोर्त-बुएचा तळही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाच्या ताब्यात गेला होता. १९६० साली आफ्रिकेतील चौदा प्रदेशांना स्वातंत्र्य मिळाले, तरी फ्रान्सची फौज तेथे या ना त्या निमित्ताने ठाण मांडून राहिली होती. ती अखेर हलली. या माघारीच्या ऐन धामधुमीत, ६ जानेवारी २०२५ रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी आपल्या राजदूतांसमोर बोलताना आफ्रिकी नेते आभार मानण्यास विसरले अशी तक्रार केली. फ्रेंच सैन्य आले नसते तर यांपैकी एकाही नेत्याच्या हाती आज सार्वभौम देश उरला नसता, असेही त्यांनी सुनावले. चाड आणि सेनेगल या दोन्ही देशांनी या उद्गारांचा तत्काळ निषेध केला.

लुटीला उपकाराचे नाव द्यायचे आणि मग कृतज्ञतेची वसुली मागायची, ही साम्राज्यशाहीची जुनी रीत आहे. ती आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु हेच मॅक्रॉन २०१४ ते २०१६ या काळात समाजवादी अध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांच्या सरकारात अर्थमंत्री होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. फ्रान्सच्या आफ्रिका-धोरणाचे सारे पाप जनरल द गॉल आणि त्यांच्या उजव्या वारसांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. इतिहास मात्र तितका सोयीचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन निर्णायक वेळी फ्रान्सची सूत्रे समाजवाद्यांच्या हाती आली आणि तिन्ही वेळा आफ्रिकेपुढे त्यांचा समाजवाद थिटा पडला. असे का घडले याचा शोध घेणे हे उजव्यांना शिव्या देण्यापेक्षा अधिक अगत्याचे आहे. कारण हा प्रश्न एकट्या फ्रान्सचा नाही.

खजिन्याची किल्ली

१९६० च्या स्वातंत्र्याचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. ध्वज, राष्ट्रगीत आणि संयुक्त राष्ट्रसंघातील आसन नव्या राष्ट्रांना मिळाले. त्याच सुमारास ‘सहकार्याच्या’ करारांवर त्यांच्या सह्याही घेण्यात आल्या. एप्रिल १९६१ मध्ये आयव्हरी कोस्ट, दाहोमे आणि नायजर यांच्याशी झालेल्या संरक्षण कराराच्या जोडपत्रात तेल, युरेनियम आदी मोक्याच्या खनिजांच्या विक्रीत फ्रान्सला अग्रक्रम देण्याचे बंधन होते. मैत्रीच्या कागदावर मालकीची मोहोर उमटली ती अशी.

चलन तर स्वातंत्र्याच्याही आधीचे. २६ डिसेंबर १९४५ रोजी जन्मलेल्या ‘सीएफए फ्रँक’ या नावातच मुळी फ्रेंच वसाहतींचा उल्लेख होता. स्वातंत्र्यानंतर आद्याक्षरे तीच ठेवून त्यांचा विस्तार तेवढा बदलण्यात आला. पश्चिम आफ्रिकेतील आठ आणि मध्य आफ्रिकेतील सहा देश हे चलन वापरतात. त्याचे मूल्य प्रथम फ्रेंच फ्रँकशी आणि १९९९ पासून युरोशी जखडलेले आहे. या देशांनी मिळवलेले परकीय चलन फ्रान्सच्या सरकारी खजिन्यात ठेवावे लागे. १९७३ पर्यंत ते जवळपास सगळे, त्यानंतर ६५ टक्के आणि पुढे निम्मे. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिमेकडील आठ देशांपुरती ही सक्ती उठवण्याची घोषणा झाली आणि २०२१ मध्ये तिची अंमलबजावणीही झाली. परंतु युरोशी असलेली गाठ आणि फ्रान्सची हमी कायम राहिली. मध्य आफ्रिकेला तर ती सुधारणा लागूच नव्हती.

या व्यवस्थेने महागाईला आळा घातला हे तिचे समर्थक सांगतात, आणि ते खोटे नाही. प्रश्न असा आहे की हा आळा कोणाच्या हिताचा. बळकट युरोशी बांधलेल्या चलनामुळे परदेशी माल स्वस्त पडतो आणि देशात तयार केलेला माल बाहेर महाग पडतो. ज्याला पॅरिसमध्ये घर घ्यायचे आहे त्या अधिकाऱ्याचा आणि ज्या कंपनीला नफा विनाअडथळा मायदेशी न्यायचा आहे तिचा यात फायदा आहे. कापसाचे सूत आणि कोकोचे चॉकलेट आपल्याच देशात व्हावे असे ज्याला वाटते, त्याच्या वाट्याला तोटा येतो. जगातील सर्वांत अधिक कोको आयव्हरी कोस्ट पिकवतो. त्यावरचा मोठा नफा मात्र युरोपातील कारखान्यांत आणि दुकानांत होतो. आणि ज्या स्थैर्याचा एवढा गौरव केला जातो, त्याचीही शाश्वती नव्हती. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाची फ्रेंच फ्रँकमधील किंमत एका रात्रीत निम्म्यावर आणण्यात आली. आयात केलेल्या औषधांसाठी दुप्पट दाम मोजण्याची पाळी रुग्णांवर आली. तो निर्णय त्यांना विचारून झाला नव्हता.

ज्यांनी ही चौकट नाकारली त्यांचे काय झाले? सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात गिनी या एकाच आफ्रिकी प्रदेशाने द गॉल यांच्या योजनेला नकार दिला. फ्रान्सने तेथून आपले अधिकारी, शिक्षक, यंत्रसामग्री, इतकेच काय पण कार्यालयांतील कागदपत्रेही काढून नेली. टोगोचे अध्यक्ष सिल्व्हानस ऑलिम्पिओ स्वतःचे राष्ट्रीय चलन काढण्याच्या तयारीत असताना, १३ जानेवारी १९६३ रोजी, फ्रेंच सैन्यातून परतलेल्या सैनिकांच्या बंडात मारले गेले. या हत्येमागे पॅरिसचा हात होता असे सिद्ध झालेले नाही. परंतु शेजारच्या राज्यकर्त्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. १९६४ साली गॅबनमध्ये बंड झाले तेव्हा फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी उतरून आपल्या मर्जीतील अध्यक्षाला पुन्हा गादीवर बसवले. कोणत्या बंडाकडे डोळेझाक करायची आणि कोणते चिरडायचे, याचा निर्णय पॅरिसमध्ये होत असे.

पहिली कसोटी

ही चौकट द गॉल यांनी पक्की केली हे खरे; पण तिचा पाया आधीच घातला गेला होता. मार्च १९४७ मध्ये मादागास्करच्या जनतेने उठाव केला, तेव्हा पंतप्रधान होते समाजवादी पॉल रामादिए, वसाहतमंत्री होते समाजवादी मारियुस मुते आणि मंत्रिमंडळात कम्युनिस्टही बसले होते. तो उठाव रक्तात बुडवण्यात आला. हजारो माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आफ्रिकेतील सुमारे वीस हजार रेल्वे कामगारांनी गोऱ्या कामगारांच्या बरोबरीच्या सेवाशर्तींसाठी संप पुकारला आणि डाकार ते नायजर नदीपर्यंतच्या मार्गावर तो पाच महिन्यांहून अधिक काळ लढवला. समान कामाला समान दर्जा ही समाजवादाची बाराखडी. ती शिकवण्याची पाळी आफ्रिकी कामगारांवर यावी आणि शिकणाऱ्यांत समाजवादी मंत्री असावेत, यापरते दुर्दैव कोणते?

१९५६ साली समाजवादी नेते गी मोले अल्जीरियातील शांततेचे आश्वासन देऊन पंतप्रधान झाले. फेब्रुवारीत अल्जिअर्सच्या भेटीत गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्यावर टोमॅटो फेकले आणि त्यांचे धोरण बदलले. मार्चमध्ये सरकारला विशेषाधिकार देणारा कायदा संमत झाला. त्याच्या बाजूने कम्युनिस्टांनीही मते दिली. त्यानंतर अल्जीरियातील फौज चार लाखांच्या घरात गेली आणि छळ हे चौकशीचे नित्याचे साधन बनले. मोले यांच्या मंत्रिमंडळात न्यायखाते सांभाळणाऱ्या फ्रांस्वा मित्तराँ यांच्या कारकिर्दीत चाळीसहून अधिक अल्जीरियन स्वातंत्र्यसैनिकांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. मित्तराँ त्या वेळी समाजवादी पक्षात नव्हते. पुढे तेच त्या पक्षाचे सर्वोच्च नेते झाले आणि १९८१ साली त्यांनीच फ्रान्समधील फाशीची शिक्षा रद्द केली. ज्या राज्यकर्त्याने आपल्या देशातील खुन्याचा जीव वाचवला, त्याला परतंत्र देशभक्ताचा जीव वाचवता आला नाही.

मोले सरकारात एक अपवाद होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये अहमद बेन बेला आदी अल्जीरियन नेत्यांचे विमान फ्रेंच लष्कराने अडवून त्यांना अटक केली, तेव्हा मोरोक्को व ट्युनिशिया खात्याचे काम पाहणारे आलँ साव्हारी यांनी राजीनामा दिला. सरकार ढळले नाही.

दुसरी आणि तिसरी कसोटी

तेवीस वर्षे विरोधी पक्षात काढल्यानंतर मे १९८१ मध्ये डावे पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा आफ्रिकेतील लोकशाहीवाद्यांच्या आशा पालवल्या. ऑक्टोबरमध्ये मेक्सिको शहरात मित्तराँ यांनी जगातील पीडितांना उद्देशून केलेले भाषण गाजले. सहकार्यमंत्री झाँ-पिएर कोत यांनी हुकूमशहांशी असलेले खासगी संबंध तोडावेत, मदत विकासाच्या कसोटीवर द्यावी, मानवी हक्कांचा विचार करावा असा आग्रह धरला. आफ्रिकेतील वयोवृद्ध हुकूमशहांनी अध्यक्षांच्या कानी तक्रारी घातल्या. डिसेंबर १९८२ मध्ये कोत पायउतार झाले. साव्हारी यांच्यानंतरचा हा दुसरा राजीनामा, आणि परिणाम पुन्हा तोच. अध्यक्षांच्या प्रासादातील आफ्रिका विभाग अबाधित राहिला. १९८६ ते १९९२ या काळात तर त्याची सूत्रे खुद्द अध्यक्षांचे पुत्र झाँ-क्रिस्तोफ यांच्याकडे होती. राजघराण्यांच्या सरंजामी व्यवहारात आणि प्रजासत्ताकाच्या या व्यवहारात फरक तो कोणता उरला?

नोव्हेंबर १९८६ मध्ये मित्तराँ बुर्किना फासोला गेले, तेव्हा तरुण अध्यक्ष थॉमस संकारा यांनी जाहीर मेजवानीत त्यांना सुनावले, की वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे बोथा आणि अंगोलातील साव्हिंबी यांना फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवू देणे हा फ्रान्सला लागलेला डाग आहे. पुढच्या वर्षी जुलैमध्ये आदिस अबाबा येथे त्यांनी आफ्रिकी राष्ट्रांना एकजुटीने कर्जफेड नाकारण्याचे आवाहन केले. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी संकारा यांची हत्या झाली. त्यांचे सहकारी ब्लेझ कंपाओरे सत्तेवर आले; २०२२ साली बुर्किनातील लष्करी न्यायालयाने याच हत्येबद्दल त्यांना गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. मधल्या काळात सत्तावीस वर्षे कंपाओरे यांनी राज्य केले ते पॅरिसचे विश्वासू मित्र म्हणून. २०१४ साली जनतेने त्यांना हाकलले, तेव्हा त्यांना सुखरूप बाहेर काढण्यास मदत केली ती समाजवादी ओलांद यांच्या सरकारने.

रुआंडाचा अध्याय याहून भीषण आहे. मित्तराँ यांच्या कारकिर्दीत ज्या हब्यारिमाना राजवटीला फ्रान्सने शस्त्रे आणि लष्करी प्रशिक्षण दिले, त्याच राजवटीतील अतिरेक्यांनी १९९४ साली सुमारे आठ लाख माणसांची कत्तल घडवली. मार्च २०२१ मध्ये इतिहासकारांच्या अधिकृत आयोगाने फ्रान्सवर मोठी आणि दारुण जबाबदारी येते असा निष्कर्ष काढला. कत्तलीत सहभागाचा पुरावा मात्र आढळला नाही असेही नमूद केले. जबाबदारी मान्य व्हायला सत्तावीस वर्षे लागली.

तिसरी वेळ ओलांद यांची. ऑक्टोबर २०१२ मध्ये डाकार येथे त्यांनी जुन्या पद्धतीच्या संबंधांचा काळ संपल्याची ग्वाही दिली. तीनच महिन्यांत, जानेवारी २०१३ मध्ये, फ्रेंच फौजा मालीत उतरल्या. उत्तरेकडील सशस्त्र धर्मांधांपासून संरक्षण हवे होते, मालीच्या सरकारने ते मागितले होते आणि सामान्य लोकांनी प्रारंभी फ्रेंचांचे स्वागतही केले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आलेली फौज साडेनऊ वर्षे राहिली, हिंसाचार शेजारच्या देशांत पसरला आणि मोहिमेचा आधारस्तंभ म्हणून चाडचे हुकूमशहा इद्रिस देबी यांना प्रतिष्ठा लाभली. त्याच काळात नायजरमधील आर्ली येथे १९७१ पासून चालत आलेला युरेनियमचा उपसा फ्रेंच सरकारी कंपनीकडेच होता. फ्रान्सच्या अणुभट्ट्यांना इंधन पुरवणाऱ्या त्या देशात बहुसंख्य घरांत विजेचा दिवा नाही.

असे का घडले?

या तिन्ही कालखंडांतील नेत्यांना ढोंगी ठरवले की विश्लेषणाचे काम संपले असे समजणे चुकीचे होईल. कारणे अधिक खोल आहेत. पहिले असे, की आफ्रिका-धोरण हे संसदेच्या आणि पक्षाच्या कक्षेबाहेर, अध्यक्षांच्या खासगी अखत्यारीत ठेवण्यात आले. ज्या प्रश्नावर पक्षाच्या अधिवेशनाला ठराव करता येतो पण नियंत्रण ठेवता येत नाही, तेथे ठराव शोभेपुरते उरतात. दुसरे असे, की युरेनियम, तेल आणि अंकित राष्ट्रांची संयुक्त राष्ट्रसंघातील मते यांवर फ्रान्सचे महासत्तापण उभे होते आणि त्या महासत्तापणाचा त्याग करण्याची तयारी डाव्यांचीही नव्हती. तिसरे आणि सर्वांत कटू कारण असे, की डाकारच्या रेल्वे कामगाराला फ्रान्सच्या निवडणुकीत जे वजन नव्हते ते अल्जिअर्सच्या गोऱ्या वसाहतवाल्याला होते. समाजवाद्यांनी आपल्या मतदारांचे हित पाहिले, आणि मतदार नसलेला कामगार त्यांच्या हिशेबात आलाच नाही.

फ्रान्सच्या श्रमिकांत विवेक नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. १९४९-५० मध्ये इंडोचायनाच्या युद्धासाठी जाणारी शस्त्रे जहाजांवर चढवण्यास गोदी कामगारांनी नकार दिला होता. ८ फेब्रुवारी १९६२ रोजी अल्जीरियातील शांततेसाठी निघालेल्या मोर्चावर पॅरिसच्या शारोन स्थानकाजवळ पोलिसांनी केलेल्या हल्ल्यात नऊ कामगार कार्यकर्ते बळी पडले. कामगार पुढे होते. त्यांच्या नावाने राज्य करणारे मागे राहिले.

गणवेशातील स्वातंत्र्य

आता फौजा गेल्या आहेत. मग आफ्रिका मुक्त झाली का? माली, बुर्किना फासो आणि नायजर येथे फ्रेंचांना हाकलले ते बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी. रस्त्यांवर लोटलेला जनसमुदायाचा आनंद खरा होता आणि त्यामागील संतापाला साठ वर्षांचा आधार होता. परंतु मे २०२५ मध्ये मालीच्या लष्करशहांनी सर्व राजकीय पक्ष विसर्जित केले. नायजरमध्येही दोन महिन्यांपूर्वी तेच झाले होते. बुर्किनात टीकाकारांना सक्तीने आघाडीवर धाडण्यात आले. फ्रेंचांच्या जागी रशियन भाडोत्री सैनिक आले. मार्च २०२२ मध्ये मालीतील मुरा गावी मालीचे सैन्य आणि त्याच्या सोबतच्या परदेशी सैनिकांनी किमान पाचशे लोकांना ठार केल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालात नमूद आहे. गोळी पॅरिसहून आली की मॉस्कोहून, याने मरणाऱ्याला काय फरक पडतो? गिनीचा पूर्वानुभवही हेच बजावतो. फ्रान्सला ताठ मानेने नकार देणारे सेकू तुरे पुढे स्वतःच जुलमी झाले. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली यांचा १९७७ साली त्यांच्याच बोइरो छावणीच्या तुरुंगात अंत झाला. परकीय धनी घालवल्याने जनता आपोआप धनी होत नाही.

मार्च २०२४ मध्ये सेनेगलच्या मतदारांनी वेगळा मार्ग दाखवला. अध्यक्षपदाची निवडणूक पुढे ढकलण्याचा डाव त्यांनी आणि त्यांच्या न्यायालयाने हाणून पाडला आणि नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या उमेदवाराला निवडून दिले. डाकारचा तळ रिकामा झाला तो बंदुकीच्या धाकाने नव्हे, निवडून आलेल्या सरकारच्या मागणीवरून. त्या सरकारपुढे कर्जाचा डोंगर आहे आणि चलनाची गाठ अजून सुटलेली नाही. तरीही ज्या सरकारला जनता जाब विचारू शकते त्याचा लढा आणि ज्याला विचारू शकत नाही त्याचा लढा, यांत आपण भेद केलाच पाहिजे.

आपल्यासाठी प्रश्न

जानेवारी १९५३ मध्ये रंगून येथे आशियाई समाजवादी परिषद भरली. जयप्रकाश नारायण, डॉ. राममनोहर लोहिया आणि अशोक मेहता तेथे उपस्थित होते. युरोपीय पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत विलीन होण्याचे त्या परिषदेने नाकारले, आणि वसाहतींच्या प्रश्नावरील युरोपीय पक्षांची कचखाऊ वृत्ती हे त्याचे एक मुख्य कारण होते. तो निर्णय किती दूरदृष्टीचा होता हे पुढे दिसले. ट्युनिशियाचे हुकूमशहा बेन अली यांचा पक्ष त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद होता. जानेवारी २०११ मध्ये जनतेच्या उठावापुढे ते देश सोडून पळाले आणि त्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्या पक्षाची हकालपट्टी झाली!

परंतु रंगूनच्या वारशाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. तो निभावणे कठीण. आज भारतीय भांडवलही आफ्रिकेत पोहोचले आहे. मोझांबिकच्या नैसर्गिक वायूत आपल्या सरकारी कंपन्यांची भागीदारी आहे. इथिओपियात आपल्या उद्योजकांनी हजारो हेक्टर शेतजमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. तेथील विस्थापित शेतकऱ्याला आपल्या निवडणुकीत मत नाही. त्याच्या बाजूने बोलल्याने आपल्या पक्षाची एकही जागा वाढणार नाही, उलट राष्ट्रहिताचे वैरी म्हणून शिक्का बसण्याचीच शक्यता अधिक. गी मोले यांच्यापुढेही नेमकी हीच अडचण उभी होती.

म्हणून पक्षाच्या अभ्यासवर्गांतून हा विषय साम्राज्यवादाचा एक परदेशी धडा म्हणून शिकवला जाऊ नये. भारतीय कंपन्यांच्या आफ्रिकेतील करारांची माहिती संसदेसमोर ठेवण्याची मागणी आपल्या प्रतिनिधींनी केली पाहिजे. कामगार संघटनांनी त्या खाणींतील आणि शेतांतील मजुरांच्या संघटनांशी थेट संबंध जोडला पाहिजे. परराष्ट्र धोरण हे नेत्याच्या मर्जीवर न सोपवता अधिवेशनाच्या चर्चेत आणले पाहिजे. साव्हारी आणि कोत यांनी आपापले राजीनामे दिले आणि ते एकाकी ठरले, कारण त्यांच्या मागे पक्ष उभा राहिला नाही. उद्या आपल्यापैकी कोणी असाच उभा राहिला, तर त्याच्या मागे आपण असू की नाही, याचे उत्तर आजच ठरवावे लागेल.